जुन्या बोलपटांचा नाद

बोलपटांचा नाद म्हणजे अभ्यासाचा शत्रु, असें मत आपल्याकडे पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. तें अगदींच निराधार आहे असें नव्हे; परंतु सर्व बोलपटांस एकाच मापानें मोजणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं. आम्हांस जुन्या मराठी बोलपटांचा नाद आहे, आणि तो आम्ही लपवीत नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, एखादें उत्तम जुनें पुस्तक आपण जसें होऊन मुलांच्या हातीं देतों, तसाच उत्तम जुना बोलपट वडील माणसांनीं मुलांसमवेत बसून पाहावा.

या म्हणण्यास आधार शोधण्यासाठीं आपला मुलूख सोडून जावयास नको. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनीं १८९९ सालीं 'शारदा' नाटक रंगभूमीवर आणलें. वृद्ध धनिकाशीं कोवळ्या मुलीचें लग्न लावण्याच्या रूढीवर त्यांत प्रहार होता. पुढें सातारा जिल्ह्यांतील कोरेगांवीं राहून लेखन करणारे नारायण हरि आपटे यांनीं 'न पटणारी गोष्ट' या कादंबरींत हाच विषय हातीं घेतला. आणि तिच्यावरून प्रभात फिल्म कंपनीनें १९३७ सालीं 'कुंकू' हा बोलपट काढला. दिग्दर्शक होते व्ही. शांताराम.

'शारदे'चें लग्न मंडपांतच मोडतें आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. 'कुंकू'मध्यें तसें घडत नाहीं. नीरेचें लग्न वृद्ध वकील काकासाहेबांशीं फसवणुकीनें लागून जातें, आणि खरा प्रश्न त्यानंतर सुरू होतो. हा अन्याय आहे व मी तो मानणार नाहीं, हें ती घरांतल्या घरांत रोजच्या वागण्यांतून सांगते. शांता आपटे यांची ही नीरा आजच्या मुलींनीं अवश्य पाहावी. केशवराव दाते यांनीं काकासाहेबांस निव्वळ खलपुरुष केलें नाहीं. आपला दोष हळूहळू उमगत जाणारा माणूस त्यांनीं उभा केला. प्रसंग खुलविण्यासाठीं मागून वाद्यें वाजत नाहींत. घड्याळाच्या ठोक्यांनींच मनावर ताण येतो. १९२९ च्या कायद्यानें मुलींच्या विवाहाचें किमान वय १४ ठरविलें होतें. परंतु वधूवरांच्या वयांतील अंतरास त्यानें बंदी घातली नाहीं. कायद्यानें जें विचारलें नव्हतें, तें या बोलपटानें विचारलें.

मुलें म्हणतात, हे खेळ फार संथ असतात. असतात खरे. पण अर्ध्या मिनिटाचीं दृश्यें एकामागून एक बोटानें सरकवीत जाणाऱ्या डोळ्यांस विचार करण्यास सवड कोठून मिळणार? पहिलीं दहा मिनिटें धीर धरावा. मग त्या संथपणांतच माणसाचा चेहरा वाचावयास आपण शिकतों. प्रभातच्याच 'संत तुकाराम'चा १९३७ च्या व्हेनिस येथील महोत्सवांत गौरव झाला, तेव्हां मराठी न जाणणाऱ्यांसहि विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम भिडला, तो यामुळेंच असावा.

हें धन अक्षय आहे असें मात्र कोणीं समजूं नये. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'चा कांहीं भागच आज शिल्लक आहे. त्या काळच्या नायट्रेटच्या फिती सहज पेट घेत व काळानें कुजत. त्यांचें जतन व्हावें म्हणून १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें, हें फार चांगलें झालें. परंतु डब्यांत जपलेली फीत म्हणजे कपाटांतलें बंद पुस्तक होय. कोणीं पाहिलीच नाहीं, तर ती असून नसल्यासारखीच.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे कीं, महिन्यांतून एक संध्याकाळ यासाठीं राखावी, आणि आजीआजोबांस आग्रहानें शेजारीं बसवावें. जत्रेंतील तंबूंत पाहिलेल्या खेळांच्या आठवणी त्यांच्यापाशीं असतील; त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे, त्यांच्या काळीं मुलीचें लग्न कसें ठरत असे, हें ते सांगूं शकतील. खेळ संपल्यावर मुलांस एवढेंच विचारावें: नीरेच्या जागीं तुम्ही असतां, तर काय केलें असतें? आणि शेजारच्या घरांत असें लग्न ठरलें, तर गप्प बसाल काय? बालविवाह आपल्या राज्यांतून अद्यापि नाहींसे झालेले नाहींत. तेव्हां हा प्रश्न केवळ जुन्या काळचा नव्हे. ज्या नादामुळें घरांतील मुलगी आपलें म्हणणें निर्भयपणें मांडावयास शिकते आणि वडील माणसें तें ऐकून घ्यावयास शिकतात, त्या नादास अभ्यासाचा शत्रु कसें म्हणावें? आम्ही तर त्यास अभ्यासच म्हणतों.