टाचेमागचा छेद आणि दांडीचे बूट

मंडणगडच्या एखाद्या वाडीत बाळ आत वळलेली पावलं घेऊन जन्मलं, की पहिला ठपका आईवर येतो: हिने ग्रहण पाळलं नसेल. ग्रहणाचा याच्याशी काडीचाही संबंध नाही. हजारभर जन्मांत एखाद्या बाळाला क्लबफूट असतो आणि तो बरा होतो. पूर्वी पाऊल मोठं उघडून सांधे मोकळे करत. पाय सरळ दिसे, पण पुढे अनेकदा ताठरे, दुखे. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात इग्नासिओ पोन्सेटी यांनी १९४०च्या दशकाअखेरीस वेगळी वाट काढली. दर आठवड्याला पाऊल हलक्या हाताने थोडं बाहेर वळवून मांडीपर्यंत प्लॅस्टर घालायचं. अशी पाच-सहा प्लॅस्टरं झाली की बहुतेक बाळांच्या टाचेमागच्या आखूड शिरेला जागा बधिर करून बारीकसा छेद द्यायचा. तीन आठवड्यांत ती शीर लांब होऊन सांधते.

कौतुक होतं ते या छेदाचं. पण पाऊल पुन्हा वळतं, ते बहुतेक वेळा नंतरचे बूट सुटल्यामुळे. एका दांडीला जोडलेले हे दोन बूट तीन महिने दिवसातले २३ तास आणि मग चार-पाच वर्षांचं होईपर्यंत झोपेत घालायचे असतात. पाऊल तर सरळ दिसतंय, पोर रात्रभर किरकिरतंय, आजी म्हणते "काढ गो ते", आणि आई वाद्या सोडते. तिला दोष कसा द्यावा? म्हणूनच माझं म्हणणं आहे, की सरकारी पैसा आणि लक्ष शस्त्रक्रियेइतकंच या बुटांवर हवं. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत क्लबफूट आहेच. अंगणवाडीत येणाऱ्या त्याच्या पथकाने वाद्याही तपासाव्यात.

यावर कुणी म्हणेल, गरीब आईला पाच वर्षं राबवण्यापेक्षा एकदाच मोठी शस्त्रक्रिया बरी. पोन्सेटींच्या ४५ रुग्णांची तीसेक वर्षांनंतरची तपासणी १९९५मध्ये प्रसिद्ध झाली: ७८ टक्क्यांची पावलं चांगली किंवा उत्तम होती, जन्मतः व्यंग नसलेल्यांत हे प्रमाण ८५ टक्के भरलं. एवढं पदरात पडत असेल, तर आईचे कष्ट कमी करावेत, उपचार बदलू नये. तालुक्याला तज्ज्ञ कुठून आणणार, हा आक्षेप अधिक खरा आहे. पण युगांडा आणि मलावीत डॉक्टर नसलेले प्रशिक्षित कर्मचारी ही प्लॅस्टरं घालतात. छेद रत्नागिरीत द्यावा. प्लॅस्टर आणि पुढच्या मापाचे बूट मात्र दापोली, कळंबणी, कामथ्याच्या उपजिल्हा रुग्णालयांतच मिळावेत, म्हणजे मंडणगडच्या आईला दर आठवड्याला अख्खा जिल्हा ओलांडावा लागणार नाही.