जादा बचतीचा दंड

कर बुडवला म्हणून दंड होतो, हे समजण्यासारखे आहे. अमेरिकेत म्हातारपणासाठी चार पैसे जास्त बाजूला टाकले तरी होतो. २०२४ साठी आयआरए या वैयक्तिक निवृत्तीखात्यात पन्नाशीच्या आतल्या माणसाला ७,००० डॉलर भरता येत होते. खाते रॉथ प्रकारचे असेल तर उत्पन्नाचीही अट. एकत्र विवरणपत्र भरणाऱ्या नवराबायकोचे उत्पन्न २,३०,००० डॉलरच्या वर गेले की त्या वर्षी ही मर्यादा घटू लागत होती आणि २,४०,००० ला शून्यावर येत होती. न्यू जर्सीत किंवा बे एरियात दोघेही आयटीत असलेल्या मराठी घरात एकाला एच-४ व्हिसावर कामाचा परवाना मिळाला, दुसऱ्याला बोनस लागला, की ही रेषा सहज ओलांडली जाते. कळते मात्र विवरणपत्र भरायला बसल्यावर.

जादा रकमेवर कर ६ टक्के, आणि तोही एकदाच नाही. चूक निस्तरेपर्यंत दरवर्षी. ७,००० वर वर्षाला ४२० डॉलर.

सुटकेची वाट आहे, आणि ती बरीच उदार आहे. मूळ विवरणपत्र वेळेत भरले असेल तर पुढे सहा महिने, म्हणजे साधारण १५ ऑक्टोबरपर्यंत, जादा रक्कम तिच्यावरच्या नफ्यासकट काढून घेता येते. मग फॉर्म १०४०-एक्सवर सुधारित विवरणपत्र द्यायचे आणि त्याच्या माथ्यावर ‘फाइल्ड पर्स्युअंट टू सेक्शन ३०१.९१००-२’ असे लिहायचे. नफ्यावर कर लागतो, पैसे भरले त्या वर्षाचा. ६ टक्के मात्र टळतात. २०२२ अखेरच्या सिक्युअर २.० कायद्याने अशा नफ्यावरचा १० टक्क्यांचा वेगळा करही उठवला. पण हा मंत्र सामान्य पगारदाराला सांगणार कोण? नफ्याची नोंद असलेला फॉर्म १०९९-आर तर पुढच्या जानेवारीत हाती पडतो, दुरुस्तीची मुदत उलटून गेल्यावर.

वर्षात नोकरी बदलून दोन्हीकडे ४०१(के) या कंपनीमार्फतच्या निवृत्तीखात्यात पैसे भरणाऱ्याचे हाल याहून वाईट. मर्यादा दोन्हीकडची मिळून, पण एका कंपनीला दुसरीकडची कपात दिसत नाही, आणि तिथे मुदत १५ एप्रिलची, वाढ नाही. ती हुकली की त्याच पैशावर दोनदा कर.

आयआरएत किती जमा झाले हे वित्तसंस्था आयआरएस या करखात्याला फॉर्म ५४९८ वर मेअखेरीपर्यंत कळवतात. हा उशीर समजू शकतो, कारण आदल्या वर्षाचा भरणा एप्रिलपर्यंत करता येतो. पण म्हणजे जूनमध्ये उत्पन्न आणि भरणा हे दोन्ही आकडे आयआरएसकडे असतात आणि ऑक्टोबरला चार महिने बाकी असतात. वेळेत विवरणपत्र भरलेल्या ज्यांचा भरणा मर्यादेबाहेर दिसतो, त्यांना तेव्हाच एक पत्र जावे. त्यात मुदतीची तारीख असावी आणि माथ्यावर लिहायची ती ओळही.