बिनलायसनची गाडी आणि बचत गटाचे पैसे



माहूर तालुक्यातील एका खेड्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. गाव माहूरपासून बारा किलोमीटर. बाई माहूरला एका खाजगी दवाखान्यात साफसफाईचे व वरकाम करतात. पती गवंडी कामावर जातात. त्यांच्याजवळ जुनी मोटारसायकल आहे, पण ती त्यांच्या कामालाच पुरते. बाई सकाळी एस.टी.ने जातात. संध्याकाळी दवाखाना सुटेपर्यंत बस निघून गेलेली असते, मग काळी-पिवळी जीप भरेपर्यंत चौकात उभे राहावे लागते. घरी पोचेपर्यंत अंधार पडतो आणि मुलांचा अभ्यास तसाच राहतो. बाजारात एक विक्रेता आला होता. 'लायसन नको, पासिंग नको, पेट्रोल नको, किंमत फक्त अट्ठेचाळीस हजार' असे त्याने सांगितले. बचत गट कर्ज द्यायला तयार आहे. बाई विचारतात, घेऊ का?

असा प्रश्न आज अनेक घरांत आहे, म्हणून उत्तर येथेच देत आहे. अस्मादिकांचा पेशा कारकुनी, त्यामुळे आधी आकडे मांडतो.

प्रथम 'लायसन नको' म्हणजे काय ते समजून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे ज्या बॅटरीच्या गाडीची मोटार 250 वॅटपेक्षा कमी ताकदीची, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन 60 किलोच्या आत, ती गाडी कायद्याने मोटार वाहनच धरली जात नाही. म्हणून तिला नंबर नाही, लायसन नाही, विम्याची सक्ती नाही. विक्रेता येथपर्यंत खोटे बोलत नाही. मात्र अशी गाडी कोणाला धडकली किंवा तिला कोणी धडकले, तर विम्याची बाजू रिकामी असते, हे तो सांगत नाही. आणि 'वायर काढली की चाळीसनं पळते' असे कोणी कानात सांगितले, तर तो तुम्हाला बेकायदा गाडी विकत आहे असे समजा. असे फेरफार केलेल्या गाड्यांवर राज्याच्या परिवहन आयुक्त कार्यालयाने 2022 च्या मे महिन्यात कारवाईची मोहीम काढली होती. वेग वाढवला की ती गाडी मोटार वाहन होते आणि मग नंबर नाही, विमा नाही, लायसन नाही हे तिन्ही गुन्हे चालवणाऱ्याच्या अंगावर येतात. विक्रेता तोवर दुसऱ्या बाजाराला गेलेला असतो.

आता आपल्या भागाचा रस्ता पाहू. नांदेड शहरात सपाटीवर शाळेत मूल सोडायला ही गाडी कदाचित चालेल. माहूर डोंगरात आहे. गडाचा घाट तर सोडाच, तालुक्यातील साध्या रस्त्यालाही चढ-उतार आहेत. गाडी, बॅटरी आणि दोन माणसे मिळून सव्वादोनशे किलो वजन धरा. शंभर मीटर अंतरात आठ मीटर उंची गाठणारा चढ धरा. एवढे वजन त्या चढावर ओढायला 250 वॅटची मोटार लावली, तर हिशेबाने वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास येतो, म्हणजे माणूस पायी चालतो तेवढा. मोटार थोडा वेळ जादा जोर लावते हे खरे, पण मग ती तापते आणि कंट्रोलर जळण्याची भीती राहते. मागे बसलेल्याला उतरून ढकलावे लागेल अशी गाडी अट्ठेचाळीस हजारांना कशाला घ्यायची?

सपाट रस्त्यावरही प्रश्न आहेच. ताशी पंचवीसने बारा किलोमीटर म्हणजे अर्धा तास, तोही मागून डंपर आणि एस.टी. येत असताना. संध्याकाळी आणि पावसात ही चैन नाही.

या स्वस्त गाड्यांत बहुधा शिसे-तेजाबाच्या बॅटऱ्या असतात. ट्रॅक्टरला असते तशाच जातीच्या, चार किंवा पाच एका रांगेत जोडलेल्या. नवीन असताना त्या बाईंची चोवीस किलोमीटरची खेप ओढतील. पण रोज रिकामी करून रोज भरली की वर्ष-दीड वर्षात त्यांचा दम जातो. मग पूर्ण संच बदलायचा, त्याला सुमारे दहा-पंधरा हजार. गटाचे कर्ज फिटण्याआधीच दुसरे कर्ज उभे राहते. माझे मत स्पष्ट आहे. माहूर, किनवट, हिमायतनगर या पट्ट्यात रोज गावाबाहेर जाणाऱ्याने बिनलायसनची गाडी घेऊ नये.

मग नंबरची, पासिंगची इलेक्ट्रिक गाडी? तिचा विचार जरूर करावा. 2025 च्या जून महिन्यात बजाजने चेतक 3001 ही गाडी 99,990 रुपये शोरूम किमतीला आणली. बॅटरी 3 किलोवॅट-तासांची, आणि एका चार्जवर 127 किलोमीटर असा कंपनीचा दावा. हिरोच्या विडा व्हीएक्स-2 ची लहान बॅटरीची गाडीही 2025 मध्ये लाखाच्या आतच निघाली. बॅटरीचे पैसे किलोमीटरप्रमाणे भाड्याने द्यायची सोय तिच्यात ठेवली होती. ज्यांना मोटारसायकलच हवी त्यांच्यासाठी रिव्होल्टची आरव्ही-1 सप्टेंबर 2024 मध्ये 84,990 रुपयांना आली. या किमती त्या त्या वेळच्या आहेत. आजचा भाव शोरूममध्ये लेखी घ्यावा. केंद्राचे अनुदान हळूहळू आटत गेले आहे. 2021 मध्ये ते बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-तासाला 15,000 रुपये होते, जून 2023 पासून 10,000, एप्रिल 2024 पासून 5,000 आणि 2025-26 मध्ये 2,500. म्हणून शेजाऱ्याने तीन वर्षांपूर्वी कितीला घेतली यावरून आजचा अंदाज बांधू नका.

कंपनीचा 'एका चार्जवर इतके किलोमीटर' हा आकडा प्रयोगशाळेतला असतो. आपल्या रस्त्यावर त्यातला चौथा हिस्सा, कधी तिसरा हिस्सा कमी धरावा. तरी दोन-सव्वादोन किलोवॅट-तासांची बॅटरी साठ-पासष्ट किलोमीटर नेते, आणि बाईंची रोजची गरज पंचवीसची. घाटाची भीती येथे मात्र उगाच मोठी करू नये. दोन माणसांसह शंभर मीटर उंची चढायला सपाटीवरच्या तीनेक किलोमीटरइतकीच वीज जादा लागते. ताकदवान मोटार असली की चढाचा बाऊ नाही. अर्थात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूर गाठायला ही गाडी कामाची नाही. त्यासाठी एस.टी. आणि रेल्वेच बरी.

आता खर्च. रोज पंचवीस किलोमीटर, महिन्याचे सव्वीस दिवस, म्हणजे 650 किलोमीटर. पेट्रोलची गाडी पन्नासचा ॲव्हरेज देते असे धरले तर 13 लिटर लागते. लिटरला 105 रुपये धरले तर 1,365 रुपये. इलेक्ट्रिक गाडीला याच अंतरासाठी चार्जरची गळती धरून 23 युनिटच्या आसपास वीज लागते. येथे महावितरणचे बिल समोर ठेवा. पहिल्या शंभर युनिटचा दर कमी आणि 101 व्या युनिटपासून तो जवळजवळ दुप्पट होतो. ठोकळमानाने सगळे आकार धरून आधी सात रुपये, मग चौदा. तुमच्या घरी आताच शंभर युनिट जळत असतील तर गाडीची सगळी 23 युनिटे वरच्या दरात जातील, म्हणजे 322 रुपये. साठ-सत्तर युनिटच जळत असतील तर सुमारे 161 रुपयांत भागेल. ज्या घरात फ्रीज नाही त्या घराला ही गाडी फ्रीजवाल्या घरापेक्षा स्वस्त पडते, ही गंमत विक्रेत्यांनाही ठाऊक नसते. महागाचा आकडा धरला तरी पेट्रोलच्या तुलनेत महिना 1,043 रुपये वाचतात.

जाहिरातवाले येथेच थांबतात. आपण पुढे जाऊ. ऐंशी हजारांचे कर्ज, तीन वर्षांची मुदत आणि फायनान्सवाला म्हणतो 'फक्त दहा टक्के'. हा दहा टक्के बहुधा 'फ्लॅट' असतो. व्याज पूर्ण रकमेवर पूर्ण तीन वर्षे, मुद्दल फिटत गेले तरी कमी होत नाही. चोवीस हजार व्याज, एकूण 1,04,000, हप्ता 2,889 रुपये. घटत्या बाकीवर मोजले तर हा दर अठरा टक्क्यांच्या जवळ जातो. वाचले 1,043 आणि हप्ता 2,889. 'पेट्रोलच्या पैशात हप्ता फिटतो' हे वाक्य पंचवीस किलोमीटरच्या माणसाला लागू पडत नाही. बचत गटामार्फत बँकेचे कर्ज मिळाले तर ते पुष्कळ स्वस्त पडते. पण गटातल्या गटात महिना दोन टक्के असेल तर वर्षाचे चोवीस होतात, हे विसरू नये.

ज्याची जुनी पेट्रोल गाडी धडधाकट आहे त्याने ती फुंकून इलेक्ट्रिक घेऊ नये. ज्याला नवी गाडी घ्यायचीच आहे त्याचा हिशेब वेगळा. त्याने दोन गाड्यांच्या किमतीतला फरक तेवढा मोजावा. सप्टेंबर 2025 मध्ये लहान पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्के झाला, त्यामुळे शंभर सीसीची साधी मोटारसायकल पुष्कळ स्वस्त झाली आणि फरक वाढला. फरक पंचवीस हजारांचा धरला तर तो दोन वर्षांत भरून निघतो. पुढे फायदा. तोवर बॅटरी चांगली राहिली पाहिजे, एवढी अट.

आता पत्र लिहिणाऱ्या भगिनीकडे येतो, कारण त्यांचा हिशेब या दोन्हींहून निराळा आहे. त्या आज पेट्रोल जाळतच नाहीत. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त महिलांना अर्धे तिकीट आहे. बारा किलोमीटरला दहा-अकरा रुपये. दोन्ही वेळा बस मिळाली तर महिना साडेपाचशेच्या आत. संध्याकाळी जीपला पंचवीस रुपये धरले तर सुमारे 900. त्यातून विजेचे 322 वजा केले की शिल्लक पाऊणेसहाशे. त्या भरवशावर लाखाची गाडी घेणे परवडत नाही, हे आकडे सांगतात.

पण आकड्यांत चौकातला तास-दीड तास येत नाही. अंधारात जीपमध्ये कोंबून बसणे येत नाही, मुलांचा अभ्यास येत नाही. नवऱ्याच्या वेळेला बांधलेले राहणेही येत नाही. त्याची किंमत बाईंनीच ठरवायची आहे आणि ती ठरवायचा त्यांना पूर्ण हक्क आहे. माझा सल्ला असा. बाजारातली बिनलायसनची गाडी नको. दोन-तीन महिने थांबून लायसन काढा. शिकाऊ लायसनचा अर्ज ऑनलाइन भरता येतो. तोवर संध्याकाळच्या बसची वेळ अर्धा तास पुढे न्यावी असा अर्ज पंधरा-वीस जणींच्या सह्यांनी आगाराला द्या. ती वेळ मिळाली तर गाडीची निकड निम्मी होईल. नाही मिळाली तर निम्मे पैसे हातात आल्यावर, लहान कर्जात, पासिंगची गाडी घ्या. आणि गाडीची नोंद तुमच्याच नावावर करा. हप्ता बाईचा आणि आर.सी. बुक भावाच्या किंवा नवऱ्याच्या नावाचे, असे प्रकार आपल्याकडे फार आहेत.

घेताना काही गोष्टी पाहाव्या. बॅटरी लिथियमची आहे का, तिची हमी किती वर्षांची व किती किलोमीटरची, आणि बॅटरीचा क्रमांक पावतीवर लिहिला आहे का. अधिकृत सर्व्हिस सेंटर किनवटला आहे, यवतमाळला आहे, की नांदेडलाच जावे लागेल? गाडी बंद पडली तर टेम्पोत घालून शंभर किलोमीटर नेण्यात वर्षाची बचत जाते. गावचा मिस्तरी हुशार असला तरी सीलबंद बॅटरीला त्याचा हात लावू देऊ नका.

चार्जिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे जिवाचा प्रश्न आहे. मार्च 2022 मध्ये तमिळनाडूत वेल्लोर येथे रात्री घरात चार्जिंगला लावलेल्या गाडीने पेट घेतला आणि बाप-लेकीचा मृत्यू झाला. त्याच वर्षी आपल्या वसईत सात वर्षांचा मुलगा अशाच बॅटरीच्या स्फोटाने दगावला. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या सुरक्षेचे नियम कडक केले आणि ते डिसेंबर 2022 व मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. म्हणून त्याआधीची जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये. आपली घरे एक-दोन खोल्यांची, वर पत्रा, दार एकच. त्या दारात गाडी लावून रात्रभर चार्ज केली आणि आग लागली, तर बाहेर पडायला वाट उरत नाही. गाडी ओट्यावर, सावलीत, झोपण्याच्या खोलीपासून दूर चार्ज करावी. उन्हातून आल्या आल्या वायर लावू नये. अर्धा-पाऊण तास बॅटरी निवू द्यावी, मेमध्ये तर नक्कीच. चार्जर कंपनीचाच असावा. अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावी आणि शेजाऱ्याकडून ओढलेल्या वायरीवर किंवा आकड्यावर गाडी कधीही लावू नये. लाईट वारंवार जाते त्या गावात रात्री चार्जिंगवर विसंबू नका. रविवारी व संध्याकाळी जमेल तेवढे भरून ठेवा. 23 युनिटांची गाडी आहे, रोज पूर्ण भरलीच पाहिजे असे नाही.

शेवटी, पैसे देण्याआधी गाडी चालवून बघायला मागा. शोरूमसमोरच्या डांबरी रस्त्यावर एकट्याने नको. पतीला मागे बसवा, भाजीची पिशवी घ्या आणि जवळच्या चढावर न्या. मध्येच थांबवून परत उचलते का ते पाहा. विक्रेता नाही म्हणाला तर दुसरे दुकान पाहावे.