बिननोंदीचा ऊस आणि रोह्याची गाडी



ऊस विकास विभागाने रेल्वेवर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. बेणे, लागण, खत, पाणी हा आमचा विषय. पण गटागटांतून फिरताना एक गोष्ट आम्हांस वारंवार दिसते. नोंदीसाठी बांधावर जावे तर म्हातारी माणसे भेटतात. पोरगा कुठे म्हणून विचारले तर कुणी सांगते पुण्याला, कुणी पनवेलला, कुणी रोह्याजवळच्या धाटाव वसाहतीत केमिकल कारखान्यात. "खोली घेऊन राहतोय साहेब. यायचं म्हटलं की पनवेल, पुणे करत दिवस जातो, मग सणालाच येतोय." घरटी एक माणूस उसावर आणि एक नोकरीवर असा आता आपला प्रपंच झाला आहे. तेव्हा माणसांची वाहतूक हा विषय उसाच्या वाहतुकीइतकाच आपला आहे.

रोह्याचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. प्रवासी वाढत जातात आणि रेल्वेची सोय मागून येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. त्यातून आपणांस आपल्या भागासाठी शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

रोहा हे रायगड जिल्ह्यातले कुंडलिका नदीकाठचे गाव. दिव्याहून पनवेल आणि पुढे आपट्यापर्यंत रूळ १९६० नंतरच्या दशकात आले. रोह्यापर्यंत गाडी पोहोचायला १९८६ साल उजाडले. त्या सुमारास थळला खताचा आणि नागोठण्याला पेट्रोकेमिकलचा असे मोठे कारखाने त्या पट्ट्यात उभे राहत होते. थळच्या खतासाठी पेणहून वेगळा रूळही टाकला गेला. तो आजही मालगाडीसाठी ओळखला जातो. अलिबागकरांची त्यावर प्रवासी गाडी धावावी ही मागणी कित्येक वर्षांची आहे. म्हणजे खताच्या पोत्याला जी वाट मिळाली ती माणसाला मिळायची राहिली.

पुढे १९९० साली कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. त्याची उभारणी आपल्यासारख्या भागधारकांनी समजून घ्यावी अशी आहे. स्थापनेवेळी भागभांडवलात केंद्र सरकारचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. बाकी पैसा कर्जरोख्यांतून उभा केला. थोडे भाग, पुष्कळ कर्ज आणि वेळेत काम पुरे करण्याची जिद्द. आपले सहकारी कारखाने तरी दुसरे कसे उभे राहिले? रोहा ते वीर हा टप्पा १९९३ साली चालू झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग देशाला अर्पण झाला. शेवटचे स्टेशन असलेले रोहे वाटेवरचे स्टेशन झाले.

इथेच खरी गोम आहे. वाट मोठी झाली, पण पनवेल ते रोहा रूळ एकेरीच राहिला. एकेरी रुळावर समोरून गाडी येत असेल तर दुसरीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावे लागते. लांबच्या जलद गाडीला आधी सोडायचे आणि पॅसेंजरने थांबायचे, हा रिवाज. नागोठणे, कासू, हमरापूर अशा स्टेशनांवर उतरणाऱ्या माणसाच्या वाट्याला थांबणेच यायचे. शिवाय लांब पल्ल्याच्या गाड्या रोह्यावरून जातात पुष्कळ, थांबतात त्यातल्या थोड्या. दारात पाट वाहतोय आणि पाळीपत्रकात आपले नाव नाही, अशा शेतकऱ्याचे दुःख तुम्हांस सांगायला नको.

२०१० नंतरच्या दशकात पनवेल ते पेण व पेण ते रोहा असा दुसरा रूळ टप्प्याटप्प्याने पडला. नोव्हेंबर २०१८ मध्ये पेणपर्यंत विजेवरची मेमू गाडी आली आणि पुढे ती रोह्यापर्यंत गेली. मेमूला वेगळे इंजिन लागत नाही. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडण्याचा खटाटोप वाचतो आणि थांबून पुन्हा वेग घेणेही लवकर होते. जिथे दर सात-आठ किलोमीटरवर थांबायचे तिथे अशीच गाडी हवी. ऑगस्ट २०२१ मध्ये रोहा ते वीर या सुमारे ४७ किलोमीटरवर दुसरा रूळ चालू झाला आणि २०२२ साली सबंध कोकण रेल्वे विजेवर आली. एवढे झाले याचे श्रेय ज्यांचे त्यांना दिलेच पाहिजे.

पण आमचे म्हणणे निराळे आहे. ही सगळी कामे गर्दी डोक्यावरून गेल्यावर झाली. आणि एकेक कडी वाढवताना सबंध साखळी कुणी पाहिली नाही.

कारखान्यात काय होते ते पाहा. मिल वाढवली आणि उकळीचा विभाग तोच ठेवला तर गाळप वाढत नाही, नुसता रस साठतो. साठलेल्या रसातली साखर मरते. दुसरा रूळ रोह्यापर्यंत आला तेव्हा अडचण रोह्याच्या पुढे सरकली. वीरपर्यंत गेला तेव्हा वीरच्या पुढे सरकली, कारण तिथून रूळ पुन्हा एकेरी. आणि मुंबईकडच्या टोकाला तर जागाच नाही. २०२० पर्यंत दादरहून सुटणारी रत्नागिरी पॅसेंजर नंतर दिव्याहून सुटू लागली, म्हणजे सामानसुमान, पोरेबाळे घेऊन आधी दिवा गाठणे आले. पुढे नवी गाडी मागावी तरी पनवेल, दिव्याला फलाट नाही, रूळ मोकळा नाही, हे उत्तर ठरलेले. तेव्हा आधी अडचणीची जागा नेमकी कुठली ते शोधायचे, मग पैसा तिथे घालायचा. हे गणित आपल्या चीफ इंजिनिअरला जसे कळते तसे ते रेल्वेच्या इंजिनिअरलाही कळते. अडते ते नोंदीपाशी.

आमचा मुख्य मुद्दा हा नोंदीचाच आहे. रेल्वे मागणी मोजते ती विकलेल्या तिकिटांवरून. जो गाडीत बसला तो मोजला गेला. पण पाळी सुटायची वेळ आणि गाडी सुटायची वेळ जुळली नाही म्हणून जो सहा आसनी रिक्षात दाटीवाटीने गेला, तो कुठल्या वहीत आला? शेवटची गाडी चुकेल या भीतीने ज्या मुलीला घरच्यांनी पनवेलच्या कॉलेजात घातलेच नाही, ती कुठे मोजली गेली? आजाऱ्याला गाडीने नेणे जमत नाही म्हणून भाड्याची जीप करून जो कर्जात गेला, त्याचे तिकीट कुणी फाडले? हा सगळा बिननोंदीचा ऊस आहे. शेतात उभा आहे, डोळ्यांना दिसतो, पण रजिस्टरला नाही. म्हणून तोडीच्या कार्यक्रमात नाही. आणि कार्यक्रमात नाही म्हणून त्याला तुरा येतो.

आपल्याकडेही असे हंगाम येऊन गेलेत. नोंद कमी धरली, यंत्रणा तेवढीच लावली आणि फेब्रुवारी-मार्चात ऊस उभाच. मग शिव्या कुणाला? चिटबॉयला आणि आम्हांला. त्या शिव्यांतून आम्ही एक शिकलो. नोंद कार्यालयात बसून होत नाही, बांधावर जावे लागते. आणि यंदाच्या उसावर पुढच्या हंगामाचा अंदाज बांधायचा नसतो. आडसाली लागण, खोडवा, नव्याने भिजणारे क्षेत्र हे सारे आधी पाहावे लागते. रेल्वेचे तर काम आणखी लांबचे. रुळाची जमीन, पूल, बोगदा यांना वर्षे लागतात. आज बी टाकले तर दहा वर्षांनी पीक. तेव्हा आजची तिकिटे मोजून उद्याचा रूळ ठरविणे हे बेणे खाऊन लागणीचे गणित मांडण्यासारखे आहे.

रोहा-पेण भागात तर उद्याचा प्रवासी आजच डोळ्यांसमोर आहे. जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. मुंबईची वस्ती पनवेल ओलांडून पेणकडे सरकते आहे. मुंबई-गोवा महामार्गाच्या कामाची रखडपट्टी त्या भागातल्या पोराटोरांनाही पाठ आहे. गणपतीत तर जादा गाड्या सोडूनही चाकरमान्यांना दारात लोंबकळत जावे लागते. हे सर्व जमेस धरून पनवेलचे फलाट, पेण-रोह्याच्या गाड्यांची संख्या, त्यांच्या वेळा आणि वीरच्या पुढचा दुसरा रूळ यांचा एकच आराखडा हवा. २०२५ साली महाराष्ट्र शासनाने कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली. रोह्यापर्यंत एक धनी आणि रोह्याच्या पुढे दुसरा, अशी आजवरची वाटणी. शिव मिटली तर एकत्र आराखडा करणे सोपे होईल, असे आम्हांस वाटते.

कुणी म्हणेल, प्रवासी गाडी तोट्यात चालते, रेल्वे जगते मालगाडीवर. खरे आहे. पण आपल्या कारखान्याने शिवारात रस्ते केले, उपसा योजना केल्या, त्यांचा नफा कुठल्या खात्यात दिसतो? काट्यावर ऊस येतो तेव्हा दिसतो. माणूस कामावर वेळेत पोहोचला, मुलगी शिकली, आजारी माणूस दवाखान्यात गेला, त्याचा हिशेब तिकिटाच्या खिडकीवर लागणार नाही. तो गावात लागतो.

आता आपल्याकडचे. पुणे-मिरज मार्गावर विजेची तार आली, बहुतेक भागात दुसरा रूळही पडला. पण त्या रुळावर आपल्या लहान स्टेशनांवर थांबणाऱ्या किती गाड्या, कोणत्या वेळेला, हे ठरायचे आहे. नुसता रूळ वाढला म्हणून आपली गाडी वाढेल असे समजू नका. रोह्याने ते भोगून दाखविले आहे. कराड-चिपळूण मार्गाचे नाव २०१२ पासून ऐकतो आहोत, रूळ अजून नाही. तो झाला तर आपल्या पोरांना कोकणात जायला पुण्या-पनवेलचा वळसा पडणार नाही. पण मागणी करताना आपल्याकडे सांगण्यासारखे काय आहे? निवेदने आणि हारतुरे. आकडा नाही.

म्हणून एक सूचना करतो. दरसाल ऊस नोंदीसाठी आमची माणसे प्रत्येक सभासदाच्या बांधावर जातातच. त्या वेळी नोंदीच्या अर्जामागे तीन प्रश्न लिहून घ्यावेत. घरातले कोण, कोणत्या गावी, किती वेळा जाते? कशाने जाते आणि खर्च किती येतो? गाडीची कोणती वेळ असती तर गाडीने गेले असते? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, कारण बिननोंदीचा प्रवासी तिथेच सापडेल. गटवार बेरीज केली की एका हंगामात असा आकडा तयार होईल की तो रेल्वेच्या कचेरीत टेबलावर ठेवता येईल. संचालक मंडळाने आणि सभासदांनी येत्या वार्षिक सभेत याचा विचार करावा. शेजारच्या कारखान्यांनीही केले तर सबंध मार्गाचा आकडा होईल.

खर्च कागद आणि शाईचा. वेळ प्रत्येक घरी पाच मिनिटे. आमच्या माणसांना काम वाढेल, ती कुरकुरतील, ते आम्ही पाहून घेऊ. तुम्ही फक्त खरे सांगा. क्षेत्र सांगताना काही जण दहा गुंठे इकडे-तिकडे करतात, तसे इथे करू नका. फुगवलेला आकडा एकदा उघडा पडला की खराही कुणी मानत नाही.

उसाला तुरा यायच्या आत नोंद झाली पाहिजे, एवढेच सांगणे.

— ऊस विकास अधिकारी