खवळल्या दर्याचा हिशेब

संशोधनासाठी जहाजे बाळगणे म्हणजे सरकारने पैसा शब्दशः पाण्यात घालणे, असे एक शहाणपण हल्ली दिवाणखान्यांतून ऐकू येते. ‘आकाशात उपग्रह फिरताहेत, मग भर पावसाळ्यात ही मंडळी बोटीवर हुंदडायला कशाला जातात?’ असे विचारणारे सद्गृहस्थ पावसाचा अंदाज चुकला की वेधशाळेच्या नावाने बोटे मोडायला मात्र सर्वांच्या पुढे! मी अशा जहाजावर पावसाळे काढले आहेत, म्हणून चार शब्द स्पष्ट बोलतो.

हे हुंदडणे कसे असते ते ऐका. जहाज डोलू लागले की ताटे घसरू नयेत म्हणून टेबलावर ओले कापड अंथरतात. पण पहिले दोन-तीन दिवस ताटासमोर बसतो कोण? उपकरणे दोरांनी जखडलेली, खुर्च्या जखडलेल्या आणि झोपणारा माणूसही दोन्ही बाजूंना उशा कोंबून जखडलेला. रात्री दोनला पाळी आली की पोटातली कालवाकालव विसरून उठायचे आणि यंत्र तारेने समुद्रात सोडायचे. ते पाण्याची उष्णता आणि खारेपणा खोलीनुसार नोंदवते, ठरल्या खोलीवर बाटल्या मिटून नमुने आणते. सेकंदाला सुमारे एक मीटर ही त्याची चाल; ३००० मीटर गाठायला पाऊण तासावर वेळ लागतो, आणि वर यायला तितकाच. तोवर जहाजाने लाटांचे तडाखे खात एका जागी उभे राहायचे. तार सैल पडून एकदम ताणली तर तुटते आणि यंत्र समुद्रार्पण होते. म्हणूनच कप्तान ‘नाही’ म्हणाला की शास्त्रज्ञाने निमूट बसावे.

उपग्रह थोर खरा, पण त्याला दिसते ती समुद्राची कातडी. बंगालच्या उपसागरात नद्यांचे गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. तो हलका थर खालच्या थंड पाण्यात सहजी मिसळत नाही. पृष्ठभाग उबदार राहतो आणि ढगांचे पोषण होते. त्या थराची जाडी आकाशातून कशी मोजणार? म्हणून १९९९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये ‘सागर कन्या’ आणि ‘सागरध्वनी’ त्या उपसागरात गेल्या. २००२ च्या पावसाळ्यात ‘सागर कन्या’ अरबी समुद्रात होती. कोणी म्हणेल, आता आपोआप बुडणारे-तरंगणारे ‘आर्गो’ फ्लोट आहेत. आहेत; पण ते साधारण दहा दिवसांनी एकदा वर येऊन आकडे सांगतात. वादळ तोवर थांबते काय?

आमचे कोळी नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या ओढून ठेवतात, त्यात शहाणपण आहे. मासळीला शांत दर्या हवा. पावसाचे मर्म मात्र खवळलेल्या दर्यातच सापडते. हिवाळ्यात समुद्र मोजून पावसाळ्याचे गणित मांडणे म्हणजे ताप उतरल्यावर थर्मामीटर लावणे होय.

तेव्हा जहाजांच्या खर्चाला कात्री सुचवणाऱ्यांनी जरा थांबावे. आणि ‘आमच्या मुलीला नको ती बोट’ म्हणणाऱ्या आईबापांनी आठवावे, की नागपूरच्या समुद्रशास्त्रज्ञ अदिती पंत १९८३ मध्येच अंटार्क्टिकाच्या मोहिमेवर निघाल्या होत्या. पेरणीच्या तोंडावर शेतकरी ज्या अंदाजाकडे डोळे लावतो, त्यामागचे ज्ञान कोणी तरी कठडा धरून, ओकाऱ्या काढत आणलेले असते. फराळाच्या ताटावर बसून त्याला सहल म्हणू नका!