निवेदन कोणाच्या दारात न्यावे?

अजिंठा लेण्यांच्या पायथ्याची दुकाने उठून फर्दापूरच्या टी-पॉइंटवर गेली, त्याला आता वीसेक वर्षे झाली. गाड्या तेथेच थांबतात; पर्यटक पुढचे चार किलोमीटर बसने जातात. धंद्याची अडचण आली की आमचे गारगोट्या, स्फटिक व मूर्ती विकणारे बांधव शिष्टमंडळ घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा मंत्र्यांकडे जातात. निवेदन देतात, फोटो निघतो (हल्ली फोटोच आधी निघतो) आणि परत येतात. आमच्या मते यातली पुष्कळशी निवेदने भलत्याच दारात जातात.

वास्तविक अधिकारी कायदा राबवतो, करीत नाही. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि पुढच्या २०० मीटरांत परवानगीची अट, ही मर्यादा १९९२ साली केंद्र सरकारच्या अधिसूचनेने आली. तेव्हा काहींना समितीमार्फत सवलत मिळत असे. २०१० साली संसदेने हीच मर्यादा कायद्यातच घातली आणि ती वाट बंद झाली. आता १०० मीटरांच्या आत नवे दुकान बांधू देणे कोणा साहेबाच्या हातात नाही, मंत्र्याच्याही नाही. ते बदलायचे तर संसदेनेच बदलावे लागेल. म्हणजे त्यासाठी गाठायचा तो खासदार.

दुसरी गोष्ट आम्हांला जास्त खटकते. पथविक्रेत्यांसाठी संसदेने २०१४ साली कायदा केला. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाला उठवायचे नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांचे, असे त्यात आहे. परंतु हा कायदा महापालिका, नगरपालिका, नगरपंचायत यांच्यासाठी. जेथे ग्रामपंचायत आहे, तेथल्या टपरीवाल्याला त्यातले काहीच लागू नाही. लेणी जगप्रसिद्ध, गिऱ्हाईक परदेशी, आणि विक्रेता मात्र कायद्याच्या कुंपणाबाहेर! बाजार व जत्रा हा विषय घटनेने राज्य सूचीत ठेवला आहे. पर्यटनाच्या गावांतील विक्रेत्यांसाठी विधानमंडळ स्वतंत्र कायदा करू शकते.

गाळ्याचे भाडे, बसच्या फेऱ्या, पाणी, शौचालये ही कामे प्रशासनाची खरी. पण ती का होत नाहीत, याचा जाब सभागृहात विचारता येतो. तारांकित प्रश्न आला की मंत्र्याला उत्तर द्यावे लागते आणि ते कामकाजात नोंदले जाते. हाराच्या फोटोची अशी नोंद होत नाही.

हिवाळी अधिवेशन नागपुरात बहुधा डिसेंबरात भरते आणि प्रश्नाची सूचना बरेच दिवस आधी द्यावी लागते. तेव्हा कागदपत्रे घेऊन आमदारांची गाठ दिवाळीपूर्वीच घ्यावी.