विझलेली शेकोटी

हिवाळा लागला, कीं शहरांतील तरुण मंडळी शनिवार-रविवार साधून गडकिल्ल्यांवर मुक्कामास जाऊं लागतात. ही चाल आम्हांस मनापासून पसंत आहे. आठवडाभर दुकानाच्या गादीवर किंवा कचेरीच्या खुर्चीवर बसणारानें सह्याद्रीचा वारा खाल्लाच पाहिजे. आमची तक्रार आहे ती मुक्कामाच्या शेकोटीविषयीं, आणि पेटविण्याहून विझविण्याविषयीं अधिक.

अमेरिकेंतील ॲरिझोना प्रांतांत २०११ च्या मे अखेरीस दोघा प्रवाशांनीं रानांत शेकोटी केली. ती विझली अशा समजुतीनें ते फिरावयास गेले. मागें वाऱ्यानें विस्तव पसरला, व सुमारें ५,३८,००० एकर मुलूख होरपळला. त्या दोघांच्या मनांत कांहीं वाईट नव्हतें. राख गार दिसली, तेवढ्यावर त्यांनीं विश्वास ठेवला.

हा विश्वास आपल्या लोकांनीं तरी ठेवूं नये. आपल्या आज्या रात्रीं चुलींतला निखारा राखेखालीं झांकून ठेवीत, तो कशासाठीं? सकाळीं काडी न ओढतां चूल पेटावी म्हणूनच ना? मग शेकोटीवर दोन मुठी माती लोटून "विझली" म्हणणारे आमचे सुशिक्षित बंधु विस्तव विझवितात कीं जतन करितात? फाल्गुनांत डोंगरमाथ्यावरचें गवत व फुलून मेलेली कारवी खडखडीत वाळलेली असते. तेथें एक ठिणगी पुरे होते.

कित्येक म्हणतील, गांवकरीही गवतास आगी लावतातच. लावतात, आणि तीही चाल सुटली पाहिजे. परंतु वणव्यांत ज्याच्या गुरांचा चारा जळतो त्याच्याकडे बोट दाखवून शहरवासीयांची सुटका होत नाहीं.

राखीव रानांत मनाई असतां विस्तव करणें हा १९२७ च्या वन अधिनियमान्वये गुन्हाच आहे. जेथें मोकळीक असेल, तेथें भोंवतालचें पांच-सहा हात गवत व पाचोळा काढून उघड्या मातीवर लहानशी शेकोटी करावी. वारा सुटला असेल तर करूंच नये. निजण्यापूर्वीं तीवर पाणी ओतावें, काठीनें राख ढवळावी, अर्धवट जळलेलीं लांकडें उलटावीं, पुन्हां पाणी ओतावें. चरचर थांबली म्हणजे हाताची पालथी बाजू राखेजवळ न्यावी, आणि ऊब लागत नसेल तरच राखेंत बोटें घालून पाहावें. थोडीही ऊब लागली तर पुन्हां घागर उचलावी.

गडावरील टाक्यांत पिण्यापुरतेंच पाणी उरलें असेल, तर शेकोटीचा विचार सोडावा व घरून आणखी एक घोंगडी न्यावी.